नानांचा आठवा हिस्सा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं, तर आईवडील सोडून मी एकच नाव घेईन: नाना. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतले माझे घरमालक नाना. काशीत सगळं कळणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. पानवाल्याला परराष्ट्र धोरण कळतं, नाववाल्याला मोक्ष कळतो, आणि रिक्षावाल्याला तर तुम्हाला कुठे जायचं आहे ते तुमच्याआधी कळतं. अशा या शहरात, चारचौघांत, मोठ्या आवाजात, जराही न लाजता "मला कळलं नाही" असं म्हणणारा एकच माणूस मी पाहिला, आणि आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त शिकलेला माणूस नेमका तोच होता.

नानांचे पूर्वज पेशवाईत कधीतरी यात्रेला म्हणून काशीला आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि राग आला की संस्कृत. चाळीस वर्षं त्यांनी एका संस्कृत पाठशाळेत न्याय शिकवला. न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे. न्याय म्हणजे तर्कशास्त्र, ज्यात आधी शब्दाची व्याख्या करतात, मग त्या व्याख्येत खोट काढतात, आणि ती खोट दुरुस्त होईपर्यंत जेवायला उठत नाहीत. पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर नानांनी हेच काम गावभर सुरू केलं. प्रचारसभेत पुढारी 'विकास, विकास' म्हणाला तेव्हा मधल्या रांगेतून नाना उठले आणि म्हणाले, "समझ में नहीं आया, पहले व्याख्या कीजिए." पुढाऱ्याच्या माणसांना वाटलं हा विरोधी पक्षाचा; विरोधी पक्षाच्या माणसांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी नानांना हार घातला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सभेतही नानांनी तोच प्रश्न विचारला. परदेशी पाहुण्यांना घाटाच्या गोष्टी सांगणारे वाटाडे नाना दिसले की पायऱ्या बदलायचे, कारण नाना मागून येऊन "हे कशावरून?" असं विचारत. मोबाइल कंपनीच्या एका मुलीने त्यांना फोन करून नवी योजना सांगायला घेतली, तेव्हा नानांनी तिला 'अनलिमिटेड' या शब्दाचा अर्थ विचारला. ती अटी सांगू लागली. नाना म्हणाले, बेटी, अटी आहेत तर मर्यादा आहे, मर्यादा आहे तर शब्द चुकला. शेवटी तिनेच फोन ठेवला. असा मान भारतात आणखी कोणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

माझी गोष्ट नेमकी उलटी. माझे वडील मेहकरच्या बाजार समितीत हमाल. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती पदवी मी मान डोलावून घेतली. वर्गात सर इंग्रजीत बोलायचे, सगळ्यांच्या माना एका लयीत हलायच्या, त्यात माझीही हलायची. कळलं नाही म्हणालो तर कोणीतरी म्हणेल, हमालाचा मुलगा, तुला कसं कळणार. ही भीती होती. कोणी तसं कधी म्हणालं नाही, पण मी म्हणण्याची संधीही दिली नाही. पुढे रेडिएशन थेरपीचा टेक्नॉलॉजिस्ट झालो आणि काशीतल्या एका कर्करोगाच्या इस्पितळात नोकरी लागली. कुठे आणि किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, त्याचं गणित फिजिसिस्ट मांडतात, आणि रोज रुग्णाला यंत्राखाली नेमक्या जागी झोपवून ते किरण देणं हे आमचं काम. मराठी घरात खोली मिळाली म्हणून मी नानांकडे राहायला आलो. नानांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तेव्हापासून मला गावाच्याच नावाने हाक मारली. "मेहकर, वर काय करून राहिला? खाली ये, चहा झाला." दुसऱ्या दिवशी विचारलं, "तू काम काय करतोस ते सांग. मला कळलं नाही." मी म्हणालो, लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणजे लिनॅकवर असतो. म्हणाले, "हे यंत्राचं नाव झालं. काम सांग." मी तासभर बोललो. शेवटी नाना अगदी प्रेमाने म्हणाले, "तुलाही कळलेलं नाही रे." पाच वर्षांच्या शिक्षणात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, हलकं वाटलं.

तीन वर्षांनी नानांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली आणि ते माझ्याच यंत्राखाली आले. इस्पितळात सगळे रेडिएशनला 'सिकाई' म्हणतात. कंबर शेकावी तशी सिकाई. फॉर्म इंग्रजीत, सही हिंदीत, आणि समजूत कुठेच नाही अशी आमची रीत. आमच्या डॉक्टरीणबाई लखनौच्या, हुशार आणि मायाळू; पण बाहेर शंभर माणसं बसलेली असल्यामुळे त्या एका श्वासात तीन वाक्यं बोलायच्या. त्यांनी नानांना सांगितलं की सिम्युलेशन होईल, प्लॅनिंग होईल, अठ्ठावीस फ्रॅक्शन लागतील, इंटेंट क्युरेटिव्ह आहे, यहाँ साइन कीजिए. नानांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बेटी, समझ में नहीं आया." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे तुझे नाना ना, तू समजाव, असं त्या हिंदीत म्हणाल्या. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. नानांनी ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात कुठलाही चुकीचा शब्द सुटू दिला नाही, त्याने एवढा एक सुटू दिला.

मग सुरू झाली माझी खरी परीक्षा. सिम्युलेशन म्हणजे त्या दिवशी किरण मिळत नाहीत. पुढे रोज जसं झोपायचं तसंच झोपवून सीटी स्कॅन काढतात आणि कातडीवर खुणा करतात, एवढं मी सांगितलं. नाना म्हणाले, म्हणजे रंगीत तालीम. प्लॅनिंग म्हणजे गाठीला जास्तीत जास्त आणि शेजारच्या अवयवांना कमीत कमी किरण लागतील असा बेत. फ्रॅक्शन म्हणजे एकूण मात्रेचा एका दिवसाचा भाग. "एकदम का नाही देत?" मी म्हणालो, किरण चांगल्या पेशींनाही दुखावतात, पण चांगल्या पेशी मधल्या वेळात बऱ्याचशा सावरतात, गाठीच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. नाना म्हणाले, "म्हणजे पारायण. रोजचा भाग ठरलेला, आणि मध्ये खंड नको." मी पुस्तकात चार पानं वाचली होती त्याचं हे एक वाक्य झालं. ग्रे हे मात्रेचं माप आहे, हे त्यांना लगेच पटलं. क्युरेटिव्ह म्हणजे आजार मुळापासून घालवण्याच्या उद्देशाने दिलेले उपचार, आणि पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी व्हावा, दिवस सुखाचे जावेत म्हणून दिलेले, हे सांगताना माझा आवाज खाली गेला, तर म्हणाले, "दुसराही चांगलाच शब्द आहे. तू पुटपुटतोस कशाला?"

गल्लीत बातमी पसरली की नानांच्या अंगातून आता किरण निघतात. दूधवाला दूध दारापासून चार हात लांब ठेवू लागला. एका बाईंनी आपल्या नातवाला नानांच्या ओट्यावरून उचलून नेलं. नानांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहून सभाच घेतली. हे बाहेरून दिलेले किरण आहेत. यंत्र बंद, किरण बंद. आरशावर ऊन पडलं म्हणून आरशाने रात्री उजेड दिलाय का कोणाच्या घरी? काही दुसरे उपचार असतात त्यात औषध अंगात ठेवतात, तिथले नियम वेगळे, पण ते माझे नव्हेत. दूधवाला म्हणाला, बाबा, समझ गए. नाना म्हणाले, समजलं असेल तर दूध हातात दे.

इस्पितळातल्या प्रतीक्षागृहात तर त्यांची गादीच बसली. प्रोस्टेटच्या रुग्णाला किरणांआधी मूत्राशय भरलेलं ठेवावं लागतं. ठरलेलं पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं, म्हणजे आतले अवयव रोज एकाच जागी राहतात. नाना तांब्याच्या लोट्यातून पाणी प्यायचे. गंगाजलाला बाईंनी सक्त मनाई केल्यावर लोटा तोच राहिला, पाणी इस्पितळाच्या नळाचं. पाणी पोटात गेलं की ते शेजारच्यांना शब्द समजावायला बसत. पहिली पंधरा मिनिटं व्याख्यान संथ चाले, उदाहरणं देत देत. पुढची पंधरा मिनिटं उदाहरणं गळत. शेवटच्या पंधरा मिनिटांत नाना सूत्रांत बोलत. मी बाहेर येऊन नाव पुकारलं की "शेष कल" म्हणून धोतर सावरत आत धावत. पण एक शिस्त पाळायचे. कोणी आपला कागद पुढे करून विचारलं, बाबा, हमारा कौन सा वाला है, मिटाने वाला कि आराम वाला? तर नाना कागदाला हात लावत नसत. म्हणत, "शब्दाचा अर्थ मी सांगेन. तुझ्या कागदावर तो का लिहिलाय, ते लिहिणाऱ्यालाच विचार. मी बरोबर येतो." आणि खरंच जात. डॉक्टरीणबाईंच्या दाराशी नाना उभे दिसले की कंपाउंडर आत जाऊन सांगायचा, न्यायालय आया है.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी मी नानांना टेबलावर झोपवलं, बंडी वर केली, आणि माझे हात थांबले. नानांच्या ओटीपोटावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा आमच्या तीन खुणा असायच्या, जांभळ्या शाईच्या, वर पारदर्शक पट्टी. भिंतीतून येणाऱ्या लेसरच्या रेघा त्या खुणांवर जुळवायच्या आणि मगच किरण सोडायचे. त्या दिवशी पट्टी नव्हती, शाई नव्हती. तिथे तीन सुबक फुल्या होत्या, अष्टगंधाच्या. सुगंध येत होता.

"नाना, हे काय?"

"पुसल्या गेल्या सकाळी. मी काढून घेतल्या. साठ वर्षं रोज गंध लावतो, आरसा लागत नाही. हात चळायचा नाही."

"पुसल्या कशा?"

"स्नानात."

दहा दिवस शाई रोज फिकी दिसायची, मी रोज पेनने ती गडद करायचो आणि शाईच्या कंपनीला नावं ठेवायचो. नाना रोज पहाटे गंगेत बुड्या मारत होते. चूक माझी होती. उपचार सुरू होताना जो सूचनांचा कागद देतात त्यातला प्रत्येक अवघड शब्द मी त्यांना समजावला होता. त्यात एक सोपी ओळ होती, पोहू नये. नानांनी तीही विचारली होती. मी म्हणालो, पोहायचं नाही. ते म्हणाले, माझं आता पोहायचं वय आहे का? दोघेही समाधानाने उठलो. बुडी मारणं म्हणजे पोहणं नव्हे, हे नानांसारख्या नैयायिकाला सांगावं लागत नाही. आणि रोज गंगेत बुडणारी माणसं आमच्याकडे येतात, हे तो कागद लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लेसर लावून पाहिलं. दोन फुल्या केसभरही हलल्या नव्हत्या. डावीकडची मात्र एक बोट खाली होती. त्या बाजूला नानांना मान वळवून नीट दिसत नसणार. उपचार थांबवावा लागला. पुन्हा स्कॅन करून पुन्हा खुणा करायच्या ठरल्या. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी फुल्या पाहिल्या, आणि त्यांचा एवढ्या दिवसांचा धीर संपला. एक बोट म्हणजे तुमच्या गंधाला काही नाही, पण आत एका बोटावर दुसरा अवयव आहे, असं त्या म्हणाल्या. आणि खुणांचं सोडलं तरी किरणांनी कातडी नाजूक झालेली असताना नदीत उतरायचंच नाही. मग फाइल मिटून म्हणाल्या, "बाबा, गंगा या सिकाई. एक चुन लीजिए."

नाना उठून बसले, बंडीची गाठ बांधली आणि म्हणाले, "समझ गया."

तीन वर्षांत मी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुण्याहून त्यांच्या मुलीचा, ताईंचा, फोन आला. त्या रडत होत्या. तू रोज समोर असतोस, तूच सांग, असं म्हणाल्या. मी खाली जाऊन सांगितलं. खंड पडला तर गाठीच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, मागच्या दहा दिवसांचं काम वाया जाऊ शकतं. नाना म्हणाले, "ठाऊक आहे. पारायणात खंड नको, हे मीच तुला म्हणालो ना. पण नेमातही खंड नसतो. त्रेपन्न वर्षं झाली, मेहकर. पुराच्या पाण्यात वरच्या पायरीवर बसून केलंय. तुझी काकू गेली त्या दिवशी घाटावरून आलो आणि दुसऱ्या पहाटे परत गेलो. आता एका गाठीला भिऊन घरी बादलीत नाहू?" वाद घालून नानांना हरवणारा माणूस काशीत नव्हता. मेहकरहून तो येण्याची शक्यता फारच कमी होती.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी पुन्हा खाली गेलो. नाना पोथी वाचत बसले होते. मी उंबऱ्यावर बसलो आणि म्हणालो, "नाना, मला कळलं नाही."

"काय?" मान वर न करता ते म्हणाले.

"आजारी माणसाला नदीवर जाता येत नसेल, तर त्याच्या नेमाचं काय होतं? तुमच्या शास्त्रात काही असेल. नसेल तर नसेल. पण मला कळलं नाही."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डाव त्यांच्या लक्षात आला होता. पण चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला प्रश्न विचारला की उत्तर गिळता येत नाही, आणि नानांना तर सोयीचं उत्तर देण्याची सवयच नव्हती. ते उठले, फडताळातून लाल कापडात बांधलेली दुसरी पोथी काढली, पानं उलटली. बराच वेळ गेला. चहा गार झाला.

"आहे," ते म्हणाले. ते 'आहे' त्यांना जड गेलं. "प्रतिनिधी चालतो. त्याने मनात ज्याचं नाव घेऊन बुडी मारली, त्याला फळाचा हिस्सा जातो. एक मत आठव्या हिश्शाचं, दुसरं बाराव्याचं."

"प्रतिनिधी कोण?"

"मुलगा. शिष्य. मित्र." पोथी मिटून म्हणाले, "मुलगी पुण्याला. शिष्य एक कॅनडात, बाकीच्यांचा पत्ता नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "तुला पोहता येतं?"

"नाही. पण बुडी म्हणजे पोहणं नव्हे ना?"

नाना हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मग हिशेब झाला. आठवा हिस्सा मानला तर माझ्या आठ बुड्या म्हणजे त्यांची एक. बारावा मानला तर बारा. नानांनी दोन्ही मतं माझ्यासमोर मांडली, दोन्हींची बाजू घेतली, आणि शेवटी आठव्याचा पक्ष धरला. कारण विचारलं तर म्हणाले, तू बारीक आहेस, बारा झेपायच्या नाहीत. शास्त्रात असं कारण चालतं का ते मी विचारलं नाही.

जानेवारीतल्या काशीच्या पहाटेबद्दल मी काही सांगत नाही. अजून दात वाजतात. आमच्या मेहकरला उन्हाळ्यात टँकर यायचा, त्यामुळे कमरेच्या वर पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. बांधलेल्या नावेची दोरी धरून मी उतरायचो. वरच्या पायरीवर माकडटोपी आणि दोन शाली गुंडाळून नाना बसायचे आणि मोजायचे. "तीन. ही अर्धी झाली, धरत नाही. शेंडी बुडाली पाहिजे." मी ओरडायचो की मला शेंडी नाही. "असती तिथपर्यंत." एका गुरुजींनी घाटावर नानांना विचारलं, हा मुलगा कोण, वेदाची शाखा कोणती? प्रश्न शाखेपुरता नव्हता, हे त्यांना, नानांना आणि पाण्यात उभ्या असलेल्या मलाही कळत होतं. नाना म्हणाले, "लिनॅक शाखा. नवीन आहे, तुमच्या ऐकण्यात नसेल." गुरुजींनी मान डोलावली. काशीतही माना डोलतात, हे मला तेव्हा समजलं.

पहाटे ते माझ्या बुड्या मोजायचे आणि दुपारी मी त्यांची फ्रॅक्शन. मशीनला शनिवार-रविवार सुट्टी असते, गंगेला नसते. शेवटी शेवटी नाना थकले. किरणांनी येणारा थकवा झोपेने जात नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, व्याख्या बरोबर आहे. लघवीला जळजळ व्हायची, पण तक्रार करताना ते नेमकी जागा, वेळ आणि प्रकार सांगायचे, त्यामुळे बाईंना औषध देणं सोपं जायचं. अठ्ठाविसावं फ्रॅक्शन झालं त्या दिवशी डाव्या बाजूची खूण मी स्वतः पुसली.

काही महिन्यांनी रक्ताचा आणि स्कॅनचा अहवाल घेऊन आम्ही बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नो एव्हिडन्स ऑफ डिसीज. मी मान डोलावणार तोच नाना म्हणाले की समजलं नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं केव्हा म्हणता येतं? असतं तर दिसलंच असतं, इतकी खात्री असेल तेव्हा. तुमचं यंत्र किती लहान पाहू शकतं? बाहेर शंभर माणसं होती. बाईंनी तरीही पेन खाली ठेवलं. "बहुत छोटा हो तो नहीं दिखेगा, बाबा. इसीलिए बुलाते रहेंगे." नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "फॉलोअप म्हणजे काय ते आज कळलं. शंका जपून ठेवायची पद्धत." आणि त्यांनी बाईंना हात जोडले. त्यानंतर त्या बाई नव्या रुग्णाला सही करायला सांगण्याआधी 'काय समजलं ते सांगा' असं विचारू लागल्या. रांग हळू सरकते. कंपाउंडर अजून नानांना दोष देतो.

नाना आता काशीत नाहीत. थकवा गेला तरी पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत. घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, आणि ताईंना त्यांना एकटं ठेववेना. त्या येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेल्या, पाचव्या मजल्यावर. जाताना नानांनी मला घराची किल्ली दिली आणि गल्लीतल्या सगळ्यांचा निरोप घेतला. दूधवाल्याने त्यांच्या पायांना हात लावला. फॉलोअप आता तिथेच असतो. तिथल्या डॉक्टरांची मला काळजी वाटते.

गेल्या पंधरवड्यात त्यांचं कार्ड आलं. प्रकृती ठीक, अहवाल ठीक, लिफ्ट ही गोष्ट समजली. आणि शेवटी दोन ओळी: 'उपचार संपून वर्ष झालं. प्रतिनिधीचं कारण उरलं नाही. मी तुला मोकळं करतो, थंडीत उतरू नकोस.' त्यावर मी जे पत्र पाठवलं ते असं:

ती. नानांना सा. न.

कार्ड पोचलं. मला कळलं नाही.

तुम्ही नदीवर येऊ शकत नाही, म्हणून मी प्रतिनिधी होतो. तेव्हा कारण किरणांचं होतं, आता पुण्याचं आहे. कारण बदललं, संपलं कुठे? आणि माझ्याकडे नेम सोपवला तेव्हा उपचार संपेपर्यंत, अशी अट तुम्ही घातली नव्हती. अट नाही तर मर्यादा नाही, हे तुम्हीच त्या मोबाइलवाल्या मुलीला सांगितलं होतं. तरी मोकळं करणं म्हणजे काय, त्याची व्याख्या लिहून पाठवा. त्यात खोट निघाली तर मी कळवीन. तोपर्यंत चालू ठेवतो.

इकडे सगळं ठीक. घर आठवड्याला झाडतो. लाल कापडातली पोथी उन्हात ठेवून आत ठेवली. इस्पितळातला सूचनांचा कागद आता हिंदीत झाला आहे, मी लिहून दिला, बाईंनी तपासला. त्यात पोहू नये याच्या खाली आणखी एक ओळ आहे: बुडीही मारू नये, नेम असेल तर आम्हाला सांगा, मार्ग काढू. ती ओळ तुमची.

गेल्या महिन्यात वडील आले होते. मी काय काम करतो ते त्यांना पहिल्यांदा सांगितलं, मराठीत, अर्ध्या तासात. ते म्हणाले, कळलं. मी खोदून विचारलं, खरंच कळलं होतं.

घाटावर बरेच लोक तुमची चौकशी करतात. वरच्या पायरीवर तुम्ही दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही, असं लगेच म्हणायचं नसतं, म्हणून मी मोजताना तिकडे बघतोच.

आजच्या आठ झाल्या. पाचवी अर्धी होती, म्हणून एक जास्त मारली.

तुमचा,
मेहकर